कावेरीच्या उलट वाटेने

बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या विमानतळाचा रस्ता आणि आउटर रिंग रोड जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या मारतहळ्ळीत पाणी कधीच आपण होऊन येत नाही. ते चढवून आणावं लागतं. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ ५०० मीटर खालून येतं. बोअरचं पाणी पार खडकाच्या पोटातून उपसलेलं असतं, आणि टँकरचं पाणी म्हणजे आणखी दूरच्या कुठल्या तरी बोअरचं. २०२४च्या उन्हाळ्यात या भागातल्या लोकांनी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून दिवस काढले. त्यामुळे इथला माणूस पाण्याबद्दल बोलतो तेव्हा पंपाबद्दलही बोलतोच. संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, भरला का, मोटार चालू केली का, वरची टाकी किती भरली, ही इथल्या जिन्यातली रोजची बोलणी.

उंच इमारतींत आणखी एक गंमत असते. मोटारीने पाणी गच्चीवर चढवायचं आणि मग ते खालच्या मजल्यांच्या नळांना फार जोरात येऊ नये म्हणून वाटेत दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवायचे. म्हणजे वीज खर्चून दिलेला दाब वाटेतच मारून टाकायचा. तो मारण्याऐवजी त्यातून वीज का काढू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल. मी हिशेब मांडला. इमारतीला दिवसाला एक लाख लिटर पाणी लागतं आणि ते सरासरी ४० मीटर खाली येतं असं धरलं, तर त्यात सगळी मिळून सुमारे ११ युनिट ऊर्जा असते. यंत्रातले तोटे वजा जाता हातात त्याच्या निम्मी. शिवाय नळाला थोडा दाब ठेवावाच लागतो, आणि पाणी सकाळी दोन-तीन तासांत धबाधबा, बाकी दिवसभर थेंबथेंब वापरलं जातं. मुळात ते पाणी वर चढवायला आपणच त्याहून कितीतरी जास्त वीज घालवलेली असते. इमारतीपुरतं उत्तर सरळ आहे: हा खटाटोप करू नये, खालच्या मजल्यांसाठी वेगळी, कमी उंचीवरची टाकी बांधावी.

पण त्या हिशेबातून दुसरी गोष्ट हाताला लागली, आणि तिच्यासाठी मी मारतहळ्ळीहून निघालो. पाणी वर नेणारा साधा सेंट्रिफ्युगल पंप उलट्या दिशेने पाणी सोडून फिरवला तर तो टर्बाइन होतो. त्याला जोडलेली मोटार जनरेटर होते. ओढ्यावर छोटी वीजनिर्मिती करायला खास बनवून घेतलेलं टर्बाइन महाग पडतं, साधा पंप मात्र तालुक्याच्या गावी तयार मिळतो. आणि मुख्य म्हणजे तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूसही तिथेच असतो. जगाला हे १९३१ पासून ठाऊक आहे. जर्मनीतले थोमा आणि त्यांचे सहकारी किट्रेज पंपांची वागणूक सगळ्या दिशांनी तपासत होते. कुठे चुकून पाणी मागे फिरलं तर काय होईल, हेही त्यात होतं. तेव्हा दिसलं की उलटा फिरणारा पंप टर्बाइन म्हणून चांगलं काम देतो.

बैयप्पनहळ्ळीला मेट्रोची पर्पल लाइन धरली, मॅजेस्टिकला ग्रीन लाइन पकडली आणि सँडल सोप फॅक्टरीच्या स्टेशनवर उतरलो. म्हैसूर सँडल साबणाचा कारखाना इथे अजून आहे. समोरच्या बाजूला ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंच इमारत दिसते. ही जमीन पूर्वी किर्लोस्करांची. मराठी माणसाने या कोपऱ्यावर थोडं थांबावं. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आधी नांगर निघाले आणि १९२०च्या दशकात पंप. पुढे १९४६ साली कुटुंबाने दोन मोठी कामं एकाच वर्षी हाती घेतली: पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळुरात विजेच्या मोटारी. बंगळूरची किर्लोस्कर इलेक्ट्रिक रवी किर्लोस्करांनी सुरू केली. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या विहिरींवर पंप आणि मोटार ही जोडी पोचवण्यात या घराचा वाटा किती, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

याच किर्लोस्कर इलेक्ट्रिकमधून १९८५ साली के. आर. शर्मा यांचं एक तांत्रिक लेखन बाहेर आलं. विषय होता लहान जलविद्युत प्रकल्पांत सेंट्रिफ्युगल पंपांचा टर्बाइन म्हणून वापर. त्यात एक साधं गणित होतं. पुढे इंग्लंडमधले आर्थर विल्यम्स यांनी अशी आठ वेगवेगळी गणितं ३५ पंपांवर पडताळून पाहिली आणि १९९४ साली निष्कर्ष छापला, तेव्हा पहिल्या अंदाजासाठी त्यांनी शर्मांच्या पद्धतीची शिफारस केली. या विषयावरचे शोधनिबंध चाळले, तर शर्मा आणि बंगळूर ही दोन नावं त्यांत वारंवार भेटतात. मॉलमध्ये खरेदीला येणाऱ्यांना याची कल्पना असण्याचं कारण नाही, पण या जागेची ओळख सांगताना मी तरी ही गोष्ट आधी सांगेन.

गणित सोडवायचा प्रश्न असा आहे. पंप बनवणारा आपल्याला एवढंच सांगतो की हा पंप इतक्या उंचीवर इतकं पाणी चढवेल. तो उलटा चालवला तर त्याला किती उंचीवरून किती पाणी लागेल, हे तो सांगत नाही, कारण पंप त्यासाठी विकलेलाच नसतो. पंप म्हणून चालताना इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, पाण्याला जेवढी ऊर्जा देतो त्यातली थोडी आतल्या घर्षणात आणि भोवऱ्यांत जाते, उरलेली उंचीच्या रूपाने मिळते. उलटं चालताना क्रम बदलतो. पाण्याला आधी तोच तोटा भरून काढायचा असतो आणि मग इंपेलर फिरवायचा असतो. म्हणून टर्बाइन झालेल्या पंपाला मूळ आकड्यापेक्षा जास्त उंची आणि जास्त पाणी लागतं. किती जास्त, ते पंपाच्या कार्यक्षमतेवरून ठरतं. शर्मांच्या सूत्रात मूळ प्रवाहाला कार्यक्षमतेच्या ०.८ घाताने भागायचं आणि मूळ उंचीला १.२ घाताने. ७० टक्के कार्यक्षमतेचा पंप घेतला तर पाणी १.३३ पट आणि उंची १.५३ पट येते. ६० टक्क्यांचा असेल तर दीडपट पाणी आणि जवळपास १.८५ पट उंची. पंप जितका साधारण, तितकी त्याची उलटी भूक मोठी.

तिथून एस. पी. रोडवर गेलो. सिटी मार्केटजवळच्या या रस्त्यावर मोटारी, पंप, केबल, पाइप, कपॅसिटर असं सगळं एकमेकांना चिकटून विकायला असतं. एका दुकानदाराचं गाव बेळगावकडचं निघालं आणि बोलणं मराठीत सुरू झालं.

“बोअरला पाहिजे का विहिरीला?” त्यांनी विचारलं.

“दोन्हीला नको. ओढ्यावर उलटा चालवायचाय, वीज काढायला.”

ते हसले नाहीत. थोडा वेळ पंपाकडे बघून म्हणाले, “मग सर, इंपेलरचं नट बघून घ्या. उलटं फिरलं की ढिलं होतं.”

पुस्तकांत ही सूचना असते. पण रोज पंप खोलणाऱ्या माणसाला ती न वाचता सुचते. पंप टर्बाइन म्हणून वापरण्याची खरी बाजू हीच वाटते मला. नट नीट लॉक करायचं, बेअरिंग आणि ग्लँड तपासायचे, फूटव्हॉल्व्ह काढून टाकायचा, कारण तो पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. एवढं झालं की यंत्राच्या बाजूने फार काही करायचं उरत नाही.

पंपांच्या लोखंडी पाट्या मी एकेक करून वाचत गेलो. हेड, डिस्चार्ज, आरपीएम, किलोवॅट. आपल्याकडे शेतीसाठी मिळणारे बरेच मोनोब्लॉक मिनिटाला २८८० फेऱ्यांच्या आसपास पळतात. वीज काढायला मला १४४० फेऱ्यांचे बरे वाटतात. ते जड आणि किमतीला थोडे जास्त असले तरी वर्षभर रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राची झीज कमी असणं महत्त्वाचं. मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असले की पट्ट्याचा तोटा नाही आणि दोन यंत्रं एका ओळीत आणण्याचा त्रास नाही.

एका पाटीवरून मी तिथेच हिशेब केला. १५ मीटर हेड, सेकंदाला १५ लिटर, १४४० फेरे, कार्यक्षमता ७० टक्के धरली. शर्मांच्या सूत्राने तो उलटा चालायला २३ मीटर उंची आणि सेकंदाला २० लिटर पाणी मागतो. पण इथे थांबून चालत नाही. अशी इंडक्शन मोटार ५० सायकलवर १५०० फेऱ्यांच्या जरा खाली चालते, आणि जनरेटर म्हणून तिला १५०० च्या जरा वर, म्हणजे १५६० च्या आसपास फिरवावं लागतं. फेरे वाढले की प्रवाह त्याच प्रमाणात आणि उंची वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते धरलं की आकडे २७ मीटर आणि सेकंदाला पावणेबावीस लिटरवर जातात. या पाण्यात साधारण पावणेसहा किलोवॅट शक्ती असते. पंपाचे आणि मोटारीचे तोटे वजा करून तीन किलोवॅट हाती येतील. वाडीतल्या दहा-पंधरा घरांचे दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइल आणि एक-दोन फ्रिज यांना एवढी वीज पुरते. मात्र सगळं पहिल्या अंदाजाचं आहे. पंपापंपात फरक असतो आणि प्रत्यक्षातली उंची दहा-वीस टक्क्यांनी चुकू शकते. म्हणून घेण्याआधी तो पंप कुठे तरी उलटा चालवून पाहणं शक्य असेल तर ते जरूर करावं.

मोटारीचं प्रकरण पंपापेक्षा नाजूक आहे. इंडक्शन मोटारीत चुंबक नसतो, त्यामुळे ती नुसती फिरवली म्हणून वीज देत नाही. तिच्या टोकांना योग्य मापाचे कपॅसिटर जोडले की ते तिला लागणारं चुंबकत्व उभं करतात. वाडीला सिंगल फेज वीज द्यायची असेल तर तीन फेजची मोटारच घ्यावी, तिची जोडणी डेल्टा करावी आणि दोन बाजूंना एकास दोन या प्रमाणात कपॅसिटर लावावेत. कोणत्या बाजूला जास्त, हे फिरण्याच्या दिशेवर ठरतं. ते उलटं झालं तर वाइंडिंग तापतं. मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या शक्तीपेक्षा कमीच भार तिच्याकडून घ्यावा. रिवाइंडिंगच्या दुकानातल्या कारागिराला एकदा आकृती काढून दाखवली की ही जोडणी तो सहज करतो.

आणखी एक अडचण. खऱ्या टर्बाइनला पाणी कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्या असतात, पंपाला त्या नाहीत. घरातले दिवे बंद झाले की भार कमी होतो, यंत्र वेग घेतं, व्होल्टेज चढतं आणि टीव्ही जळतो. यावर उपाय असा की भार कधी कमी होऊच द्यायचा नाही. एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवायचा, जो घरांनी न वापरलेली वीज तत्क्षणी पाण्यातल्या हीटरकडे वळवतो. जनरेटरला कायम एकच ओझं जाणवतं, आणि वाडीला वर गरम पाणी मिळतं. केनियातल्या थिमा गावी इंग्लंडच्या नॉटिंगहम ट्रेंट विद्यापीठाच्या मदतीने असंच यंत्र उभं राहिलं. १८ मीटर उंची, सेकंदाला २८ लिटर पाणी, पंपाचं टर्बाइन, २.२ किलोवॅट वीज आणि ११० घरं. प्रत्येक घराला एक-दोन दिव्यांपुरती वीज मिळाली, पण रॉकेलची चिमणी गेली.

यानंतर मला कावेरी बघायची होती. एवढ्या छोट्या यंत्राच्या मागे लागलेल्या माणसाने मोठं यंत्र का बघावं, असं वाटेल. पण शिवनसमुद्रम ही अशी जागा आहे, जिथे एकाच नदीचं पाणी एका हाताला पडून वीज देतं आणि दुसऱ्या हाताला वीज खाऊन डोंगर चढतं.

मारतहळ्ळीहून पहाटे निघालं तर रिंग रोड मोकळा मिळतो. सिल्क बोर्ड, बनशंकरी आणि पुढे कनकपुरा रस्ता. शहर संपता संपता तातगुणी लागतं, मग हारोहळ्ळी. ही नावं बंगळूरच्या नळाला जोडलेली आहेत. कावेरीचं पाणी तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांत पंपांनी वर ढकललं जातं. आपण गाडीने उतारावर जात असतो आणि रस्त्याच्या बाजूने तेच पाणी प्रचंड नळांतून चढत असतं. कनकपुऱ्यानंतर मोठमोठे एकसंध खडक दिसू लागतात, रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुतीची शेतं येतात, सातनूर आणि हलगूरच्या पुढे ऊस आणि भात. हवा गरम होत जाते. बंगळूरकर उंचीवर राहतो हे त्याला शहरात जाणवत नाही, इथे उतरल्यावर कळतं.

कावेरी योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली सुरू झाला. पाचव्या टप्प्याचं लोकार्पण १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. त्याचं पाणी दिवसाला ७७ कोटी ५० लाख लिटर, मुख्यतः शहरात नव्याने सामील झालेल्या ११० गावांसाठी. सगळे टप्पे मिळून दिवसाला २२२ कोटी ५० लाख लिटर. मी वहीत हिशेब केला. हजार लिटर पाणी ५०० मीटर चढवायला, कुठेही तोटा न धरता, १.३६ युनिट वीज लागते. सगळे टप्पे पूर्ण क्षमतेने चालले तर रोज किमान ३० लाख युनिट, म्हणजे दिवसरात्र सव्वाशे मेगावॅट. पंपांचे आणि नळांचे तोटे धरले तर त्याहून बरीच जास्त. आणि शिवनसमुद्रमच्या वीजकेंद्राची क्षमता आहे ४२ मेगावॅट. ज्या नदीने एकेकाळी बंगळूर उजळलं, तिचं पाणी बंगळूरपर्यंत चढवायला आता तिच्या विजेच्या तिप्पट वीज लागते. हा आकडा मांडून झाल्यावर मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसलो.

मळवळ्ळीवरून गगनचुक्कीला पोचलो तेव्हा नदीला भरपूर पाणी होतं. कावेरी इथे दुभंगून बेटाला वळसा घालते आणि दोन बाजूंनी कोसळते. पश्चिमेकडचा गगनचुक्की, पूर्वेकडचा भरचुक्की. समोरच्या कड्यावर उभं राहिलं की आवाजाच्या आधी तुषार अंगावर येतात. प्रपाताला लागून दर्ग्याची इमारत दिसते. वीजकेंद्र खाली दरीत आहे, त्या वस्तीला ब्लफ म्हणतात. आत जायला परवानगी लागते, मी वरूनच पाहिलं.

जून १९०२ मध्ये हे केंद्र सुरू झालं. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी त्याचा ध्यास घेतला, पण ते आदल्या वर्षीच गेले. अभियंते होते जॉली डी लॉटबिनियर. टर्बाइनं स्वित्झर्लंडच्या एशर विस कंपनीची, विजेची यंत्रं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. ती कावेरीच्या या दरीत कशी उतरवली असतील, हे त्या कड्याकडे पाहिल्यावर मनात येतंच. वीज मात्र म्हैसूरला किंवा बंगळूरला आधी गेली नाही. ती सुमारे १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी ती एक. बंगळूरच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले ते ५ ऑगस्ट १९०५ रोजी, सिटी मार्केटच्या परिसरात. एस. पी. रोडवर मी ज्या पाट्या वाचत होतो, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

या केंद्राला सुरुवातीपासून एक दुखणं होतं. पावसाळ्यात नदी ओसंडते, उन्हाळ्यात आटते, आणि खाणींना मात्र बाराही महिने सारखी वीज हवी. वीज वाढवायची तर पाणी साठवणं भाग होतं. १९११ साली कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं त्यामागे सिंचनाबरोबर ही गरजही होती. ते उभारणारे विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत घडलेले आणि खडकवासल्याला आपले स्वयंचलित दरवाजे बसवून आलेले. गगनचुक्कीसमोर उभं राहून मला वाटलं, ओढ्यावर पंप उलटा बसवणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: पावसाळ्यातलं पाणी बघून भुलू नये, उन्हाळ्यातलं मोजावं.

कारण पंपाचं टर्बाइन कमी पाण्याला फार वाईट वागतं. नेमून दिलेल्या प्रवाहाजवळ ते छान चालतं, पाणी निम्म्याच्या खाली आलं की वीज जवळजवळ शून्यावर येते. खास बनवलेलं पेल्टन टर्बाइन कमी पाण्यावरही तग धरतं. उंची खूप आणि पाणी थोडं असेल तिथे पेल्टनच घ्यावं, पंपाचा हट्ट धरू नये. मलनाडात, चिकमगळूर-कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत आणि उत्तर कन्नडच्या सुपारीच्या बागांत घरापुरती जलविद्युत यंत्रं बसलेली आहेत. कड्यावरून पडणारे झरे तिथे अशाच, उंची खूप आणि पाणी थोडं या जातीचे. पंप शोभतो तो मध्यम उंचीच्या, बऱ्यापैकी आणि सारख्या वाहणाऱ्या पाण्यावर. ऋतूप्रमाणे पाणी बदलत असेल तर एक मोठा पंप बसवण्यापेक्षा दोन लहान-मोठे शेजारी बसवावेत, पावसात दोन्ही चालवावेत, उन्हाळ्यात एक.

एकच यंत्र दोन्ही बाजूंनी चालवणं हे महाराष्ट्राला नवं नाही. पैठणला जायकवाडी धरणावर १२ मेगावॅटचं असं यंत्र १९८०च्या दशकापासून आहे. घाटघरला २००८ साली २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. रात्री स्वस्त विजेवर चोंढ्याचं पाणी सह्याद्रीवर चढवायचं, मागणीच्या वेळी तेच खाली सोडायचं. तिथली यंत्रं दोन्ही कामांसाठीच घडवलेली आहेत, आणि आपला पंप एकाच कामासाठी घडवलेला. पण पाण्याचा नियम तोच. २५० मेगावॅटला जे साधतं ते तीन किलोवॅटला साधण्यासाठी मोठी कंपनी किंवा कर्ज लागत नाही, चार-सहा माणसं आणि मोजमापाची शिस्त लागते.

ती शिस्त कशी, ते सांगतो, कारण चंदगड, आंबोली, दोडामार्ग, खानापूर, जावळी किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरात राहणाऱ्या कुणाच्या तरी शेतातून बारमाही ओहोळ जात असेल. उंची मोजायला गवंडी वापरतो ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. पाणी भरून एक माणूस वर, एक खाली, टप्प्याटप्प्याने उतरत जायचं आणि प्रत्येक टप्प्याची उंची लिहीत जायची. दोनदा मोजायचं. प्रवाह मोजायला ओहोळ अडवून पाणी एका पाइपातून मापाच्या पिंपात सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पाणी मोठं असेल तर फळीत नव्वद अंशांची खाच कापून बांधावर लावावी. खाचेवरच्या पाण्याच्या उंचीवरून कोष्टकाने प्रवाह कळतो. हे मोजमाप एप्रिलमध्ये आणि मेमध्ये करायचं, आणि एकाच वर्षावर न थांबता पुढच्या उन्हाळ्यातही करायचं. तोवर पंप विकत घेऊ नये.

मग जागा ठरवायची. वर छोटा हौद, त्यात गाळ बसायला शांत पाणी, पुढे जाळी. पालापाचोळा ही या यंत्राची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे, म्हणून जाळी हाताने साफ करता येईल अशी तिरपी बसवावी. पाइपाचा व्यास वाचवू नये. बारीक पाइपात उंची घर्षणातच विरते, एकूण उंचीच्या दहा टक्क्यांहून जास्त तोटा होऊ देऊ नये. पाइपातून उरेल ती उंची खरी, तिलाच शर्मांचं सूत्र लावून पंप निवडायचा. खालचा व्हॉल्व्ह नेहमी हळूहळू बंद करावा. झटक्याने बंद केला तर पाण्याचा मार पाइप फोडतो. आणि वाडीत कुणाकडे तरी, शक्यतो दोघांकडे, जाळी साफ करण्याचं आणि ग्लँड बघण्याचं काम पगारावर सोपवावं. फुकटात सोपवलेलं यंत्र पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडतं.

सरकारी भाषेत शंभर किलोवॅटपर्यंतच्या जलविद्युतला सूक्ष्म प्रकल्प म्हणतात. आपण बोलतो आहोत ते त्याहूनही कितीतरी लहान. त्याने राज्याच्या विजेत काही भर पडणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण घाटातल्या पुष्कळ वाड्यांत पावसाळ्यात झाड पडून वीजवाहिनी तुटते आणि आठवडाभर अंधार राहतो. नेमकं तेव्हाच ओहोळाला सर्वांत जास्त पाणी असतं आणि छपरावरच्या सौर पाटीला ऊन नसतं. या वाड्यांसाठी सौर आणि ओहोळ एकत्र चालवणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. उन्हाळ्यात पाटी, पावसाळ्यात पंप.

शर्मांचं गणित बंगळुरात छापलं गेलं त्याला चाळीस वर्षं झाली. पंप किर्लोस्करवाडीपासून कोइंबतूरपर्यंत बनतात, मोटारीचं वाइंडिंग करणारा प्रत्येक तालुक्यात आहे. कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर आणि बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी दहा निरनिराळे बाजारी पंप उलटे चालवून पाहायला द्या आणि त्यांचे आकडे मराठीत छापा. कोणता पंप किती उंचीला किती पाणी मागतो, याचं दोन पानांचं कोष्टक हातात असेल, तर चंदगडच्या शेतकऱ्याला एस. पी. रोडवर किंवा कोल्हापुरात पंप निवडताना अंदाजावर पैसे घालावे लागणार नाहीत. आणि ज्यांच्या बांधावरून पाणी वाहतं त्यांनी या एप्रिलपासून मोजायला सुरुवात करावी.